डोमेनची मालकी बदलली तर गूगलमधला क्रमांक घसरतो का?

देवरुखची_मुक्ता | ८ जुलै

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे मामा निवृत्त शिक्षक. २०११ पासून ते एकहाती रानभाज्यांवरचं संकेतस्थळ चालवतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं, प्रत्येक भाजीचं वेगळं पान. फोटो त्यांनी स्वतः काढलेले. कोवळी कशी ओळखायची, कुठली खाजते, खाज जायला काय घालायचं, सगळं लिहिलेलं. एकशे चाळीसेक पानं झाली आहेत. 'शेवळं कशी साफ करायची' असं गूगलवर टाकलं की आजही मामांचं पान सगळ्यात वर येतं. पावसाळ्यात त्यांना मुंबई-ठाण्याहून फोन येतात. लोक भाजीवालीसमोर उभे राहून विचारतात, गुरुजी, पान गोल आहे, हाच ना टाकळा?

मामा आता ७६ चे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर म्हणाले, यापुढे तू बघ. मी बघायला घेतलं तेव्हा कळलं की डोमेन, म्हणजे साइटचं ते 'अमुक डॉट कॉम' हे नाव, मामांच्या नावावर नाहीच! ज्या मुलाने साइट करून दिली त्याच्या नावावर आहे. मुलगा सज्जन आहे, त्यांचाच विद्यार्थी. आता बंगळूरला असतो. इतकी वर्षं न चुकता रिन्यू करत आला. मी फोन केल्यावर लगेच म्हणाला, ताई, घ्या तुमच्या नावावर.

पण ऑफिसमधल्या एकाने मला घाबरवून सोडलंय. म्हणे मालक बदलला की गूगल ती साइट नवीन धरतं, सगळं पुन्हा शून्यापासून. खरं आहे का हे? खरं असेल तर राहू दे त्याच्याच नावावर, असं वाटायला लागलंय.

---

तांबडी_माती

सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून जमिनीचा कस बदलतो का? बिनधास्त करा.

---

अनिकेत_ठाणे

तांबडी_माती, उपमा छान आहे, पण माझा अनुभव उलटा आहे. दोन वर्षांपूर्वी मी सह्याद्रीतल्या भटकंतीची एक चालती साइट रीतसर पैसे देऊन विकत घेतली. नाव माझ्यावर आलं आणि दोन महिन्यांत गूगलवरून येणारे वाचक निम्मे झाले. आजवर पूर्वीच्या आकड्यावर पोचलेलो नाही. मुक्ताताई, घसरतो. स्वतः भोगलंय म्हणून सांगतो.

---

जुना_सर्व्हर

अनिकेत, साइट घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही काय काय बदललंत? आठवेल ते सगळं लिहा. खरं उत्तर त्यात मिळेल.

---

अनिकेत_ठाणे

होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवतात तो सर्व्हर, बदललं, आधीचं फार हळू होतं. थीम, म्हणजे दिसण्याचा साचा, नवी टाकली. जुन्या मालकाने हॉटेलांवर ऐंशीएक पानं लिहिली होती, ती मला नको होती म्हणून काढली. पण तशीच सोडली नाहीत, सगळी मुख्य पानाकडे रीडायरेक्ट केली. गडांच्या पानांचे पत्तेही सुटसुटीत करून घेतले.

---

जुना_सर्व्हर

बघा, मालकी सोडूनही चार गोष्टी बदलल्या, आणि त्या चारही क्रमांक हलवू शकतात.

ऐंशी पानं मुख्य पानाकडे वळवलीत, त्याचा काही उपयोग झाला नसणार. 'रायगडाजवळची हॉटेलं' शोधत आलेल्या माणसाला मुख्य पान दाखवलं तर त्याचं उत्तर तिथे नाही, हे गूगलला कळतं. असं रीडायरेक्ट ते पान सापडलं नाही असंच धरलं जातं. त्या पानांना बाहेरून मिळालेले दुवे वाया गेले. गडांच्या पानांचे पत्ते बदललेत, तिथे प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच्याच नव्या पत्त्यावर कायमचं रीडायरेक्ट हवं, आणि ते निदान वर्षभर ठेवावं असं गूगल सांगतं. थीम बदलली की मथळे, आतले दुवे, फोटोंचं वजन, सगळं हलतं.

मी हे काम २००४ पासून करतो. नावं इकडची तिकडे करून दिलेली डोमेनं मोजली तर शंभराच्या वर जातील. ज्यांनी फक्त नाव बदललं आणि बाकी कशाला हात लावला नाही, त्यांचं काही हललेलं मी पाहिलं नाही. ज्यांनी नव्या घराच्या उत्साहात सगळंच बदललं, त्यांचं हललं, आणि नेमकं कशामुळे ते त्यांना कधीच कळलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिली गोष्ट नाव. मग सहा-आठ आठवडे शांत बसा.

---

सई_पा

जुना_सर्व्हर यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण 'गूगलला मालकीचं काही देणंघेणं नाही' हेही पूर्ण खरं नाही. गूगलने ३१ डिसेंबर २००३ ला एका पेटंटसाठी अर्ज केला होता, ते २००८ मध्ये मंजूर झालं. एखाद्या पानाचा इतिहास पाहून त्याला गुण कसे द्यायचे, असा त्याचा विषय. त्यात डोमेन किती वर्षांसाठी घेतलंय, नेमसर्व्हर (डोमेन टाकल्यावर साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) कुठले, संपर्काची माहिती किती वेळा बदलते, या सगळ्याचा उल्लेख आहे. शिवाय मे २०२४ मध्ये गूगलची जी अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात डोमेनच्या नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख साठवायची जागा आहे. म्हणजे ते पाहतात.

---

जुना_सर्व्हर

सई, मुद्दा बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पेटंटात लिहिलं म्हणजे वापरलं असं होत नाही. विचार राखून ठेवायलाही पेटंट घेतात. आणि त्यातला संदर्भ पाहा: रोज नावं, पत्ते, नेमसर्व्हर बदलत पळणारे स्पॅमवाले कसे हुडकायचे, हा तो विचार आहे. चौदा वर्षांत एकदा विद्यार्थ्याकडून गुरुजींच्या भाचीकडे गेलेलं नाव त्यात कुठे बसतं?

बाहेर आलेल्या कागदांत तारखा आहेत हे खरं. पण तारीख वेगळी आणि मालकाचं नाव वेगळं. मुदत न संपता डोमेन हस्तांतरित झालं तर पहिल्या नोंदणीची तारीख तशीच राहते. मुक्ताताईंच्या बाबतीत २०११ ते २०११ च राहणार. तसंही डोमेनच्या वयामुळे क्रमांक वर जात नाही, हे गूगलचे जॉन म्यूलर यांनी अनेकदा सांगितलंय.

आणि मालकाचं नाव आता दिसतं तरी कुठे? २५ मे २०१८ ला युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाचं ते दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीत, बहुतेक डॉट कॉमची नावं झाकलेलीच असतात. गूगल २००५ पासून स्वतः रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, होतं, पण दुसऱ्या रजिस्ट्रारच्या गिऱ्हाइकांची झाकलेली नावं त्यामुळे त्यांना दिसत नव्हती. पुढे २०२३ मध्ये त्यांनी तो डोमेनचा धंदाही स्क्वेअरस्पेसला विकून टाकला.

---

मेलबर्नकर

मालक बदलून साइटचं वाटोळं झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती वेगळ्या जातीची. 'द अनऑफिशियल अ‍ॅपल वेब्लॉग' मी कॉलेजपासून वाचायचो. २००४ ला सुरू झालेली साइट, २०१५ ला बंद पडली. २०२४ च्या जुलैमध्ये ती अचानक पुन्हा उभी राहिली! डोमेन दुसऱ्यांनी घेतलं होतं, वर लेखकांची नावं जुनीच आणि खाली यंत्राने लिहिलेला मजकूर. ज्यांची नावं वापरली त्यांना पत्ताच नव्हता. बायकांसाठीची 'द हेअरपिन' नावाची साइट २०१८ ला बंद झाली, तिच्या डोमेनचंही असंच झालं.

गूगलने ५ मार्च २०२४ ला याच्याविरुद्ध नियम जाहीर केला. जुन्या नावाची पत वापरून भलताच माल खपवायला मुदत संपलेलं डोमेन घेणं, हा आता स्पॅम धरला जातो. नियमात त्यांनी दिलेलं एक उदाहरण लक्षात राहिलंय: पूर्वी प्राथमिक शाळेचं असलेल्या डोमेनवर कॅसिनोचा मजकूर.

---

देवरुखची_मुक्ता

हे वाचून अजून धसका घेतला. आमच्यावर हा नियम लागू होणार नाही ना?

---

मेलबर्नकर

नाही हो ताई. तुमची मुदत संपलेली नाही, साइट बंद पडलेली नाही, आणि टाकळ्याच्या पानावर उद्याही टाकळाच असणार आहे.

---

वसईची_सुनीता

मेलबर्नकर यांनी लिहिलेलं शाळा-कॅसिनोचं उदाहरण वाचून हात थरथरला, कारण आमच्या वाचनालयाचं हेच झालं.

वाचनालयाची साइट एका ओळखीच्या माणसाने करून दिली. डोमेन त्याच्या नावावर, ईमेल त्याच्या त्या वेळच्या कंपनीचा. त्याने नोकरी सोडली, ईमेल बंद झाला. रिन्यूची स्मरणपत्रं त्या बंद खोक्यात पडत राहिली. एका सकाळी साइट उघडेना. आम्हाला वाटलं सर्व्हर बंद असेल, दोन दिवसांत सुरू होईल. कोणाला विचारायचं तेच ठाऊक नव्हतं. मुदत संपल्यावर थोडे दिवस नेहमीच्या पैशात रिन्यू होतं, मग ३० दिवस जास्तीचा दंड भरून सोडवता येतं, आणि शेवटी ५ दिवसांनी नाव सगळ्यांना मोकळं होतं, हे मला नंतर कळलं. तोवर ते मोकळं होऊन कोणीतरी उचललंही होतं.

आज आमच्या वाचनालयाच्या नावावर सट्ट्याची साइट आहे. तालुक्यातल्या शाळांच्या साइटवर 'आमचे वाचनालय' म्हणून जे दुवे होते ते सगळे तिकडे जात होते. एकेका मुख्याध्यापकांना फोन करून आम्ही ते बदलून घेतले. एका आजोबांनी मला विचारलं, बाई, तुम्ही जुगार कधीपासून सुरू केलात?

मुक्ता, गूगलचा क्रमांक नंतर बघ. नाव आधी स्वतःवर घे. तो मुलगा कितीही भला असो, त्याचा ईमेल बदलेल, फोन बदलेल, उद्या तो परदेशी जाईल. तुझी खरी जोखीम तिथे आहे.

---

तांबडी_माती

सुनीताताई, वाचून फार वाईट वाटलं. पाठीशी ठेवलेल्या माणसाच्या नावावर जमीन ठेवायची आणि तो गेला की वारसांनी कोर्टात फिरायचं, तशातली गत झाली ही.

---

अनिकेत_ठाणे

जुना_सर्व्हर, काल रात्री जुन्या पत्त्यांची यादी काढली. वेबॅक मशीन म्हणून साइटांच्या जुन्या प्रती साठवणारं संकेतस्थळ आहे, तिथे जुनी साइट जशीच्या तशी सापडली. गडांच्या ४१ पानांना रीडायरेक्टच नव्हतं. मी दोन वर्षं मालकी बदलण्याला दोष देत बसलो होतो. आज लावून टाकली सगळी. धन्यवाद.

---

सई_पा

अनिकेत, मस्त! आणि जुनं डोमेन विकत घेणाऱ्या सगळ्यांना सांगते, वेबॅक मशीन पैसे देण्याआधी बघा. माझ्या बहिणीने घेतलेल्या नावावर आधीच्या मालकाने गोळ्या-औषधांचा स्पॅम केला होता. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, गूगलच्या माणसांनी हाताने लावलेली कारवाई दिसत होती. मालक बदलला म्हणून ती आपोआप जात नाही. सगळं साफ करून, आपण नवे मालक आहोत असं लिहून, फेरविचाराचा अर्ज द्यावा लागतो. तिने दिला, मग सुटली. मागचं कर्ज जमिनीबरोबर येतं, तांबडी_माती :)

---

गवळणवाडी

मुक्ताताई, विषयांतराबद्दल माफी, पण शेवळांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. काकडं, म्हणजे शेवळांत घालतात ती आंबट फळं, मिळाली नाहीत तर काय घालायचं? गेल्या जूनमध्ये माझा घसा दोन दिवस खवखवत होता.

---

देवरुखची_मुक्ता

मामांना विचारून लिहिते आहे. काकडं नसतील तर चिंचेचा घट्ट कोळ किंवा आंबोशी, आणि हात आखडता घ्यायचा नाही. आंबट कमी पडलं की खाजतंच. चिरताना हाताला तेल लावायचं. वरचं वेष्टन काढल्यावर आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा. मामा म्हणतात, तुमचा घसा त्या पिवळ्या भागामुळे धरला असणार.

आता माझा दुसरा प्रश्न. पानांचे पत्ते देवनागरीत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. नाव बदलताना तेही रोमन करून टाकू का?

---

जुना_सर्व्हर

अजिबात नको! वर अनिकेतचं काय झालं ते वाचलंत ना.

ती माळ दिसायला वाईट, पण गूगलला ती नीट वाचता येते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे आ, अनुस्वार, ब आणि काना मिळून 'आंबा' लिहिलंत की ३६ अक्षरं. वर्डप्रेस पानाच्या नावाला २०० अक्षरांपर्यंतच जागा देतं, म्हणून देवनागरी पत्ता बाविसेक चिन्हांवर कापला जातो. तुमचे लांब पत्ते शेवटी तुटलेले दिसतील ते यामुळेच. पण तुटलेला असला तरी गूगलकडे तोच नोंदलेला आहे. आहे तसा राहू द्या. नवी पानं लिहाल तेव्हा नावं आखूड ठेवा.

आता नाव बदलायची रीत. त्या मुलाचं खातं ज्या रजिस्ट्रारकडे आहे तिथेच तुम्हीही खातं काढा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवणं सगळ्यात सोपं. रजिस्ट्रारही बदलायचा असेल तर क्रम आधी विचारून घ्या, कारण डॉट कॉमवर मालकाचं नाव बदललं की साधारणपणे ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: नेमसर्व्हर कोणाचे आहेत ते आधी पाहा. त्याच्या खात्यातले असतील तर डोमेन सरकल्यावर डीएनएसच्या नोंदी, म्हणजे साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या नोंदी, मागेच राहू शकतात. साइट उघडेनाशी झाली आणि तशीच राहिली, तर काही दिवसांत पानं गूगलच्या यादीतून गळायला लागतात. मालक बदलल्यावर क्रमांक गेला असं लोक म्हणतात, त्यातल्या कित्येकांचं खरं कारण हे असतं. एकेक नोंद वहीत उतरवा. साइटची, मेलची, सगळी.

---

मेलबर्नकर

एक भर. सर्च कन्सोलमध्ये स्वतःची वेगळी पडताळणी करा, डीएनएसमध्ये नोंद टाकून. आणि जुन्या मालकाच्या पडताळणीची फाइल किंवा नोंदही काढा, नुसतं यादीतून नाव काढून भागत नाही. तिथे साइट दुसऱ्या डोमेनवर हलवली की वापरायचं पत्ता बदलण्याचं साधन दिसेल, ते तुमच्यासाठी नाही. पत्ता तोच आहे.

---

सई_पा

+१. जुन्या मालकाच्या हातात सर्च कन्सोल राहिलं तर तो एखादं पान सहा महिने शोधातून लपवू शकतो. गुरुजींचा विद्यार्थी तसं करणार नाही, पण ज्यांनी अनोळखी माणसाकडून साइट घेतली त्यांनी पहिल्या दिवशी हे बघावं.

---

देवरुखची_मुक्ता | २३ ऑगस्ट

झालं! डोमेन काल माझ्या नावावर आलं. साइट क्षणभरही बंद पडली नाही. मात्र वहीत उतरवताना मेलची एक नोंद सुटली, त्यामुळे मामांची पत्रं दिवसभर येईनात. मामा सकाळपासून तीनदा म्हणाले, आज कोणाचंच पत्र कसं नाही? संध्याकाळी नोंद टाकली आणि अकरा पत्रं एकदम आली. पहिलं नालासोपाऱ्याहून, कुर्डूचा फोटो जोडलेलं.

त्या मुलाने पुढच्या पाच वर्षांचे पैसे स्वतः भरून मग डोमेन दिलं. मी नको म्हटलं तर म्हणाला, गुरुजींची फी समजा.

---

वसईची_सुनीता

डोळ्यांत पाणी आलं गं. शाबास.

---

देवरुखची_मुक्ता | १९ ऑक्टोबर

जुना_सर्व्हर, आहात का? मला झोप नाही. ऑगस्टच्या मानाने क्लिक पाव हिश्श्यावर आलेत. थीम, पत्ते, होस्टिंग, कशालाही हात लावलेला नाही. शेवटी मालकीमुळेच झालं का?

---

गवळणवाडी

अहो ताई, ऑक्टोबरात टाकळा कोण शोधतंय? त्याला शेंगा आल्यात आता.

---

जुना_सर्व्हर

गवळणवाडी यांनी नेमकं सांगितलं. मुक्ताताई, सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचे आकडे असतात. ऑगस्टशी तुलना करू नका, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी करा. आणि क्लिक बघू नका, एकेका भाजीच्या पानाचं सरासरी स्थान बघा.

---

देवरुखची_मुक्ता

बघितलं. टाकळ्याचं पान गेल्या ऑक्टोबरात सरासरी १.४ वर होतं, आता १.३. भारंगी जिथल्या तिथे. गेल्या वर्षीही याच आठवड्यात क्लिक असेच खाली आले होते, तेव्हा बघणारी मी नव्हते इतकंच. फोडशीचं एक पान दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलंय. पण वर आलेली दोन्ही पानं उघडून पाहिली तर त्यांनी खरंच चांगलं लिहिलंय, व्हिडिओसकट. मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, मुळं कशी काढायची ते आपण लिहायचं राहिलंय, पावसाळ्यात फोटो काढून लिहू.

---

अनिकेत_ठाणे

मुक्ताताई, माझ्या गडांच्या पानांपैकी निम्मी परत पहिल्या पानावर आलीत. पुढच्या जूनमध्ये मुरबाडला शेवळं दिसली तर काकडांसकट फोटो पाठवतो, मामांना दाखवा.

---

देवरुखची_मुक्ता

नक्की पाठवा! काकडांचा चांगला फोटो आमच्याकडे नाहीच आहे. मामा म्हणतात, झाडाचा वेगळा आणि फळांच्या घोसाचा वेगळा, असे दोन हवेत.